सुतळीचं चिलखत

गणपती आठ दिवसांवर आले की आमच्या मंगळवार पेठेतल्या दुकानात सुतळीला गिऱ्हाईक वाढतं. मांडवाचे बांबू आवळायला, ताडपत्री ताणायला, पताका बांधायला. अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे गेल्यापासून गल्ल्यावर मीच बसते. सुतळीचा गड्डा हातात देताना मी प्रत्येकाला सांगते, "भिजली की आवळती ही. जरा सैल बांधा." पोरं हसतात. काल एकजण म्हणाला, "अक्का, मांडव बांधतोय आमी, म्हस न्हाय." मीही हसले. तो गेल्यावर मी सुतळी कापायची सुरी हाताशी ओढून घेतली.

हे वाक्य मूळचं अप्पांचं. मला बोलता येत नव्हतं तेव्हापासून ते माझ्या कानांवर आहे. शाळेतून येऊन पोत्यावर बसायचं, गृहपाठ करायचा, आणि दर पाचव्या मिनिटाला ते ऐकायचं. रोज कानावर पडणारं वाक्य माणसाला ऐकू येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

श्रावण सरता सरता दुकानात ओल्या तागाचा वास भरतो. कुंद, किंचित आंबट. दार उघडं ठेवा, उदबत्ती लावा, तो हटत नाही. या वासाबरोबर सात वर्षांपूर्वीचा तो पावसाळा परत येतो आणि विसर्जन होईपर्यंत घरातून जात नाही.

त्या वर्षी आम्ही एक इंग्रजी सिनेमा पाहिला, हिंदीत बोलणारा. त्याचं नाव मी लिहीत नाही, आमच्या घरात ते घेतलं जात नाही. तलवारी होत्या, उडती जनावरं होती, आणि गोठलेल्या तळ्याच्या तळाशी एक दरबार होता. त्या दरबारात शापाने मेलेला एक राजा हजार वर्षं सिंहासनावर बसून होता. अंगात कड्यांचं चिलखत, त्यावर काळे पत्रे, चेहरा राखेच्या रंगाचा, डोळे अर्धवट मिटलेले. सगळ्या सिनेमात तो एकदाही हलत नाही. बाकीचे दोन तास मारामाऱ्या करत होते, पण थिएटरमधून बाहेर पडताना प्रत्येकाच्या डोक्यात तोच बसलेला असायचा. मी आणि माझा धाकटा भाऊ बसू, आम्ही तो सिनेमा चार वेळा पाहिला.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बी.कॉम. झालं होतं, शिवणाचा कोर्स झाला होता, आणि लग्नाची स्थळं येईपर्यंत काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. बसू एकोणीसचा, उंच, खांद्याने रुंद, स्वभावाने लोणी. गल्लीच्या मंडळाचा सजीव देखावा बसवायचा विलास. तो उद्यमनगरात एका फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने, पॅटर्न करायचा, हात असा की लाकडाला लोखंड वाटावं. दर वर्षी पौराणिक देखावा व्हायचा. त्या वर्षी बसू विलासला म्हणाला, "राक्षस मारून मारून दमलो की रं. यंदा त्यो बर्फातला राजा करू." विलासने माझ्याकडे बघितलं. "कपडं कोण करणार?" मी म्हणाले, "मी." तो एक शब्द मी किती सहज बोलले होते.

सिनेमाची व्हीसीडी आणली. दुपारी टीव्हीवर लावायची आणि राजा आला की बसूने पॉज दाबायचा. मी खाकी कागदावर चित्र काढायचे. पॉज केलेलं चित्र स्थिर राहत नसे, थरथरायचं, मधूनच आडवी रेघ सरकत जायची. राजाच्या डोळ्यांवरून रेघ गेली की ते उघडल्यासारखे वाटायचे. अव्वा, म्हणजे आमची आई, एकदा शेंगा निवडता निवडता तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कोन गेलंय त्येंच्यात?"

"राजाच मेलाय, अव्वा. हजार वर्षं झाली."

"मग अजून बशिवलाय कशाला?"

आम्ही दोघं खो खो हसलो.

छातीवरचे पत्रे आम्ही चपलेच्या तळाला लावतात त्या रबरी शीटचे केले. ओळखीच्या चप्पलवाल्याने तुकडे दिले, वर चिकटवायचं सोल्यूशनही दिलं. त्या वासाने डोकं गरगरायचं. पण खरा प्रश्न होता आतल्या चिलखताचा. कड्यात कडी अडकवलेलं, माशाच्या खवल्यासारखं अंगावर सांडणारं. तार आणून खिळ्याभोवती गुंडाळून कड्या कापल्या. चार दिवसांत तळहाताएवढा तुकडा झाला आणि माझ्या बोटांची सालटी निघाली. मग एका दुपारी दुकानात बसले असताना समोरच्या सुतळीकडे लक्ष गेलं. सुतळी जाड सुयांवर विणली तर? विलासने बांबूच्या सुया तासून दिल्या. वीतभर विणलं, फाटकाला लावतात तो चांदी रंग मारला, आणि दोन हात लांब धरलं. लोखंड! डोळे फसत होते. मी एकटीच होते तरी टाळ्या वाजवल्या.

अप्पांनी नायलॉनची सुतळी पुढे केली. मी तीही विणून पाहिली, पण तिच्यावर रंग धरेना, पापुद्रे निघायचे. मी तागाचीच हवी म्हणून हट्ट धरला. अप्पा गड्डा देताना म्हणाले, "अगं, भिजली की..."

"आवळती. ठाव हाय. राजा मांडवात बसणार हाय अप्पा, पावसात न्हाय."

त्या महिनाभरात माझ्या डोक्यात हवा गेली होती, हे आज कबूल करते. लोक बघायला येत. राजारामपुरीतल्या मोठ्या मंडळांची माणसंसुद्धा येऊन चिलखताला हात लावून गेली. माझ्या हातचं काही बघायला कुणी येतं, हे मला नवीन होतं. बसूला मी तासन्‌तास उभं करायचे. गळ्याभोवती सिनेमातल्यासारखं घट्ट बसलं पाहिजे, सुरकुती नको, म्हणून मी तिथली वीण पुन्हा पुन्हा उसवून कमी टाक्यांची केली. एकदा तो म्हणाला, "अक्का, गळ्याला जरा लागतंय."

"राजाला लागत न्हाय," मी म्हणाले.

तो हसला आणि मान ताठ करून उभा राहिला. त्याचं हसणं मला आता नीट आठवत नाही. माझं वाक्य आठवतं.

पाऊस त्या वर्षी खुळ्यासारखा होता. रंग वाळत नसे. खिडकीत टांगलेली चिलखताची एक बाही एका दुपारी वळचणीच्या पाण्याने भिजली. सैल बसते का पाहावं म्हणून मी ती ओलीच माझ्या हातावर चढवली आणि कामाला लागले. अर्ध्या तासाने बोटांना मुंग्या आल्या. बाही निघेना. नखं निळसर दिसायला लागली. साबणाचं पाणी लावून, दातांत ओढणी धरून मी ती ओढून काढली. हातावर विणीचा ठसा संध्याकाळपर्यंत राहिला. अव्वाला दिसू नये म्हणून मी माझ्या ड्रेसच्या बाह्या खाली घेतल्या. मग काय केलं? त्या बाहीत चार टाके वाढवले. दुसऱ्या बाहीतही चार वाढवले. गळ्याला हात लावला नाही. गळा हुबेहूब जमला होता.

मनाला काही कळतच नव्हतं असं नाही. कळत होतं, पण मी त्याला गप्प बसवत होते.

मांडव उभा राहिला तेव्हा नवीनच अडचण निघाली. विलासने केलेलं सिनेमातल्यासारखं उंच सिंहासन आत बसेना. वर ताडपत्री खाली आली होती, राजाचं डोकं तिला टेकत होतं. विलासने करवतीने सिंहासनाचे चारही पाय कापले. आता राजाचे पाय खाली सोडायला जागा उरली नाही, म्हणून बसूने त्यावर मांडी घातली. चिलखत, वर काळे पत्रे, मांडीवर आडवी तलवार. "हे तर लईच भारी दिसतंय," विलास म्हणाला. मलाही ते भारी वाटलं.

चेहऱ्याला राखेचा रंग हवा होता. पावडर फार पांढरी दिसायची, चिकटायची नाही. रंगीत तालमीला मी घरातून विभूतीची गट्टी नेली, पाण्यात उगाळली आणि बसूच्या तोंडाला, कपाळाला, मानेला फासली. नेमका रंग आला. कुणीतरी हौसेने झेंडूची माळ आणून राजाच्या गळ्यात घातली. मी पडदा ओढला. अव्वा समोर उभी होती, तिला मीच बोलावलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला झोपवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, भिंतीला टेकवून, कपाळभर विभूती लावून, गळ्यात हार घालून. तसंच बसवून नेतात आणि तसंच बसवून मातीत ठेवतात. अज्जा, म्हणजे आजोबा, गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यांची मान सारखी पुढे कलत होती आणि अव्वा दर वेळी उठून हनुवटीखाली हात देऊन ती सरळ करत होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी महिनाभर हातात सुया घेऊन मी माझ्या भावाचं काय करत बसले होते, ते मला दिसलं नाही. मंडळाच्या पोरांना राजा दिसत होता. अव्वाला जे दिसलं ते तिने एकटीनेच पाहिलं. ती पदर तोंडाला लावून घरी गेली.

आम्ही घरी आल्यावर म्हणाली, "उद्यापासनं बसू तिथं बसायचा न्हाय."

"अव्वा, नाटक हाय ते."

"इबूत नाटकाची हाय व्हय? द्येवापुढची उचलून न्हेलीस." ती रडत नव्हती, तिच्या आवाजाला धार होती. "एकदा बशिवलेलं मानूस परत उठत न्हाय गं. त्येला बशिवतीस कशाला?"

बसूनेच तिची समजूत काढली. तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "उद्या स्पर्धेचं परीक्षक येनार. तेवढं झालं की मी उठतो आनि तुज्या हातची भाकरी खातो. बास?" अव्वाने त्याचा हात काढला नाही, पण ती हसलीही नाही. मी येणार नाही बघायला, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांची गाडी संध्याकाळी सहाला यायची होती. साडेपाचला बसू तयार होऊन बसला. चिलखताच्या पाठीवर मी सुतळीनेच घट्ट वेणी घातली होती, ती सोडायला अर्धा तास लागायचा. आणि तेवढ्यात सर आली. दहा मिनिटं कोसळली. ताडपत्रीला पोट सुटलं, एका कोपऱ्याची गाठ सरकली, आणि दोन बादल्या तरी पाणी थेट सिंहासनावर ओतलं. पडदा उघडाच होता. समोर पन्नासेक माणसं उभी होती. बसू हलला नाही. डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही त्याने. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. "मेलेला राजा म्हंजे मेलेलाच की!" कुणीतरी ओरडलं.

आम्ही पडदा लावला. टॉवेलने वरवर पुसलं. विलास म्हणाला, "काढायचं का? गाडी पल्याडच्या गल्लीत आलीया." मी बसूच्या गळ्यात बोट घालून पाहिलं. एक बोट कसंबसं गेलं. बसू म्हणाला, "पाच मिंटं असतील तर बसतो." मी चेहऱ्याला परत विभूती लावली. पाच मिनिटांची चाळीस झाली. परीक्षक पल्याडच्या गल्लीत चहाला थांबले होते. बसू बोलायचा थांबला, तेव्हा मला वाटलं तो भूमिकेत शिरला.

पडदा उघडला. दिव्यांचा निळा उजेड, धूर, विलासच्या आवाजातलं निवेदन. परीक्षक तिघे होते. त्यांतले एक पायरी चढून अगदी जवळ आले आणि वाकून चिलखत बघायला लागले. राजाची मान हळूहळू पुढे आली. गर्दीतून पुन्हा टाळी आली. आणि त्या टाळीच्या मागून अव्वाचा आवाज आला. ती आली होती. गर्दीच्या मागे, कुणाला न सांगता. घाबरली की तिची मराठी सुटायची आणि तोंडात माहेरची कानडी यायची.

"एळो! बसू, एळो!" ऊठ रे, बसू, ऊठ.

बसवलेल्या माणसाची कलणारी मान तिने आपल्या हाताने सावरलेली होती. तिला सांगायला कुणी लागलं नाही. लोकांना ढकलत ती स्टेजवर चढली, माळ तोडली, आणि गळ्यातल्या विणीत बोटं घालायला लागली. बोट जाईना. अप्पा दुकानातून सुतळी कापायची सुरी घेऊन पळत आले. ओली सुतळी सुरीलाही लवकर दाद देत नाही. एकेक पदर तुटत होता आणि विभूतीखालचा बसूचा चेहरा कुठल्या रंगाचा झालाय ते कुणाला दिसत नव्हतं. शेवटचा पदर तुटला तेव्हा त्याच्या छातीतून एक आवाज आला, फाटल्यासारखा. तो श्वास होता. अव्वा त्याला आडवं करू देत नव्हती आणि बसलेलंही राहू देत नव्हती. उभं करा, उभं करा, एवढंच म्हणत होती.

दवाखान्यात तीन दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटं उशीर झाला असता तर...  बसूचा आवाज तेव्हापासून घोगरा झाला तो झालाच. मंडळाला त्या वर्षी बक्षीस मिळालं, मृत राजाच्या अभिनयासाठी. गुण आधीच लिहून झाले होते म्हणे. ते प्रशस्तिपत्र अव्वाने चुलीत घातलं. चिलखताचे तुकडे अप्पांनी कुठे नेले ते मी विचारलं नाही. अव्वा अजून बसूला मांडी घालून जेवायला बसू देत नाही, त्याला खुर्ची देते.

ही हकिगत मी कितीतरी जणांना सांगितली आहे. अपघात म्हणून. पाऊस, ताडपत्री, उशिरा आलेली गाडी. ऐकणारे म्हणतात, तुझी काय चूक, तू एवढी पोरसवदा. मी मान डोलावते.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. पडद्याची दोरी माझ्या हातात होती. आमचं आधीच ठरलं होतं की बसूला काही त्रास झाला, तर तो तलवारीच्या मुठीवरचा अंगठा उचलेल आणि मी लगेच दोरी सोडेन. त्याने अंगठा उचलला. मी पाहिला. अव्वा ओरडायच्या आधी, मान कलायच्या आधी. त्याच वेळी ते परीक्षक वाकून चिलखताला हात लावत होते आणि म्हणत होते, "हे खरंच लोखंडाचं..." मला ते वाक्य पुरतं ऐकायचं होतं. फक्त तेवढंच. सबंध आयुष्यात माझ्या कामाकडे बघून कुणी एवढं वाकलं नव्हतं.

बसू आता वारणानगरला दूध संघात नोकरीला आहे. गणपतीला दर वर्षी येतो. आज सकाळी आला, पिशवी ठेवली आणि माझ्यासमोर दुकानातल्या खुर्चीवर बसला. एक गिऱ्हाईक सुतळी घेऊन गेलं. मी नेहमीचं वाक्य सांगितलं. बसू बाहेरच्या पावसाकडे बघत होता.

"अक्का," तो त्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "किती जनांला सांगशील?"

 सात वर्षं मी आशा धरून होते की याला काही आठवत नसावं.

"माजं डोळं अर्धं उघडं हुतं," तो म्हणाला. रागाने नाही, जेवायला काय आहे असं विचारावं तसं. "त्या मानसानं लोखंडाचं हाय का इचारलं, तवा तू हसलीस. लई दिवसांनी तुला तसं हसताना बगितलं. म्हनून मी अंगठा परत खाली ठिवला."